डब्याची डावी बाजू

टायर फुटला तेव्हा बळवंत शेडग्यानं ब्रेकला पाय लावला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर सगळे ते विसरले. मागं एवढा मोठा डबा ओढत असताना टायर गेला आणि घाबरून ब्रेक मारला, तर डबा आडवा होऊन तुम्हालाच रस्त्याखाली घेऊन जातो. बळवंतानं स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं, पाय हळूहळू वर घेतला, आणि मानेसरच्या पुढं, जिथं रस्ता रुंद करायला खडीचे ढीग टाकले होते, तिथं कडेला गाडी अशी लावली की केबिनमधल्या थर्मासचं झाकणसुद्धा पडलं नाही.

मग मागच्या बाकावरून कुमुदिनीवहिनींचा आवाज आला.

"किती जोरात चालवत होतात, शेडगे."

शेडगे. इतकी वर्षं त्या त्याला बळवंतभाऊजी म्हणत आल्या होत्या. दोन्ही घरांची मुलं दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत एका बाकावर बसायची, तेव्हापासून. गणपतीत आरतीला उभं असताना, हिंदूराव हॉस्पिटलात त्यांच्या नवऱ्याच्या, उल्हासच्या, पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा बाहेरच्या बाकावर रात्र काढताना, कायम भाऊजी. आणि आज शेडगे. बळवंताला तो शब्द टायरपेक्षा मोठ्यानं ऐकू आला. तो खाली उतरला आणि बघायला गेला.

डाव्या बाजूचं मागचं चाक. टायरची वरची साल सोलून निघाली होती, आणि ती पट्टी गरागरा फिरताना चाकावरचा पत्रा फोडून, त्याच्या वरची फळी फोडून थेट आत गेली होती. आत खाटेच्या पायथ्याशी डोकं जाईल एवढं भोक. वाटेत कुणाच्या तरी राजम्याची पिशवी आली होती ती फाटली, आणि जयपूर रोडवर पार लांबपर्यंत राजमा सांडला होता. मागून येणारे ट्रकवाले तो चिरडत, हॉर्न मारत जात होते.

वहिनींनी ते भोक बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. कारण तासाभरापूर्वी त्याच खाटेवर आडवं व्हायचं म्हणून त्या हट्ट धरून बसल्या होत्या. गाडी चालू असताना डब्यात कुणी बसायचं नाही, असं बळवंतानं सांगितलं, म्हणून फुगूनही बसल्या होत्या. पण हेही सगळे विसरले. लक्षात राहिलं ते एकच: शेडग्यांनी गाडी जोरात चालवली.

आता हा डबा काय होता ते सांगतो.

उल्हास टिपणीस सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायचा. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं कागदावर काढली आणि रिटायर झाल्यावर स्वतःसाठी चाकांवरचं घर आणलं. चाणक्यपुरीतल्या एका वकिलातीनं जुनं सामान लिलावात काढलं होतं. लोक फ्रिज आणि सोफे बघत होते. उल्हासनं अंगणाच्या कोपऱ्यात उभा असलेला हा लांबलचक पांढरा डबा बघितला आणि त्याला दुसरं काही दिसेना. आत खाट, ओटा, कपाटं, बसायचं कमोड, सगळं. खाली दोन आस, चार चाकं. टायरवरची नक्षी कोरी, नव्यासारखी, कारण डबा उभाच होता किती वर्षं. फक्त दार चुकीच्या बाजूला. त्यांच्या देशात गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून दार उजवीकडं. आपल्याकडं रस्त्यात थांबून उतरलं की माणूस थेट ट्रकसमोर.

ओढायला बळवंताचा टाटा ४०७ होता, मागं बाक असलेल्या मोठ्या केबिनचा. बळवंत साताऱ्याकडचा. लष्करात ड्रायव्हर होता. जोरहाट, लेह, जैसलमेर, कुठं म्हणून गाडी न्यायची ठेवली नाही. सुटल्यावर ४०७ घेतला आणि लोकांची घरं हलवायला लागला. तेव्हा सगळी दिल्लीच हलत होती. करोलबागेतले, लक्ष्मीनगरातले लोक नव्या फ्लॅटांत चालले होते, कुणी नोएडाला, कुणी गुडगावला. टिपणीसांनाही गुडगावच्या सोसायटीत बळवंतानंच आणून ठेवलं, आणि मग बाजूच्या बिल्डिंगमध्ये स्वतःही आला.

एवढा देश चालवला, पण आपल्या गावात गाडी चालवत तो कधी गेला नव्हता. प्रत्येक वेळी रेल्वेनं, मग एसटीनं, मग ओळखीच्या कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून. यंदा मे महिन्यात डबा घेऊन चौघांनी जायचं ठरलं. आधी पुण्याला, वहिनींच्या बहिणीकडं, मग पुढं बळवंताच्या गावाला. विजयाला, म्हणजे बायकोला, तो म्हणाला होता, की चावडीसमोर गाडी वळवून लावीन, मग बघू कोण ओळखतं ते. विजया म्हणाली, हॉर्न तेवढा वाजवू नका. त्यावर दोघं हसली होती.

आणि पहिल्याच दिवशी, हरियाणासुद्धा ओलांडायच्या आधी, टायर फुटला.

त्यांनी चाक बदललं आणि डबा परत आणला. सोसायटीसमोर रिकामा प्लॉट होता तिथं लावला. उल्हासनं आतून प्लायवूड ठोकून भोक बंद केलं. वहिनींनी सांगून टाकलं, की मला या गाडीत पाय ठेवायचा नाही, आणि शेडगे चालवत असतील तर नाहीच. एका बिल्डरच्या माणसाला तो डबा हवाच होता. पलीकडच्या शेतात मोठ्या इमारती होणार होत्या, तिथं फ्लॅट विकायला ऑफिस पाहिजे होतं, आणि चाकांवरचं ऑफिस दिसायला झकास. तो येऊन डबा बघून गेला, आत एसी कुठं बसेल तेही बघून गेला. रविवारी येतो म्हणाला.

उल्हास बळवंताकडं आला. बायकोसमोर त्याचं फार चालत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. तो म्हणाला, कुमुद म्हणते का फुटला ते सांगा. नक्की का फुटला ते कळलं तर विचार करीन, नाहीतर रविवारी द्यायचा.

का फुटला ते सांगायला सोसायटीत सगळे तयार होते. उल्हासचं म्हणणं खिळा. विजयाचं म्हणणं, लिंबू-मिरची बांधायची राहिली, आणि समोरच्या खन्नाबाई डब्याकडं कशा बघत होत्या. वॉचमन म्हणाला, फॉरेन का माल है, यहाँ की धूल नहीं झेलता. उल्हासचा मुलगा अनिश कंप्युटरच्या कंपनीत होता. दिल्लीत वाढलेला, त्याचं मराठी अधूनमधून घसरायचं. तो फाटलेला टायर उलटा करून म्हणाला, "काका, हा चाललाच नाहीये, पण बूढ़ा झालाय. साइडनं बघा, सगळा सूखलाय."

बघितलं तर खरंच. नक्षी कोरी, पण बाजूनं टायरला बारीक भेगा, उन्हात ठेवलेल्या चपलेला पडतात तशा. बळवंताला बरं वाटलं. म्हणजे म्हातारा टायर, आपण नव्हे. तो मोरी गेटच्या मोटार बाजारात गेला आणि चारी चाकांना नवे टायर घेऊन आला. पण मनात एक गोष्ट कुरतडत होती. चारी टायर एकाच वयाचे, चारी सुकलेले. मग फुटला तो एकच का?

"एक चक्कर मारून बघू," तो उल्हासला म्हणाला. "धारूहेड्यापर्यंत जायचं आणि यायचं. तू शेजारी बस आणि काटा बघत राहा. मी किती जोरात चालवतो ते तूच सांग घरी."

सामान आतच होतं. ते काढून ठेवू असं उल्हास म्हणाला होता, पण वहिनींनी काढू दिलं नव्हतं. कुणाचं काय ते सगळं मिसळून जाईल म्हणाल्या. बळवंताला त्यात आशा वाटली. सामान आत आहे म्हणजे बाईचं मन अजून पुरतं बाहेर पडलेलं नाही.

सामानाचंही सांगायला हवं. दिल्लीच्या मराठी लोकांत एक पद्धत आहे. पुण्या-मुंबईकडं कुणी निघालं, की ते एकटं निघत नाही. बातमी फोनवरून फिरते आणि संध्याकाळपासून बेल वाजायला लागते. फार काही नाही हो, एवढंसंच आहे. जावेला बासमती, भाच्याला राजमा, वहिनीला खुर्ज्याच्या चिनी मातीच्या बरण्या, आत्याला जयपुरी रजई. गुडगावचे मुढे, म्हणजे गवताच्या जाड काड्यांची ती गोल आसनं, तर हवेतच. नाही म्हणायची सोय नाही, कारण परत येताना आपल्यालाही कुणीतरी मेतकूट, गोडा मसाला आणि आमसुलं आणून दिलेली असतात. रेल्वेनं जाणाऱ्या माणसाची लोकांना थोडी तरी दया येते. इथं तर अख्खा डबा चालला होता. मुनिरक्याहून कुणी वृंदा म्हणून मुलगी दोन बसगाड्या बदलून आली, आईसाठी पुस्तकांचं खोकं घेऊन. बळवंतानं तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. खोकं त्यानंच उचलून आत ठेवलं.

दार उजवीकडं, म्हणून आलेला माणूस आत शिरून सामान समोर ठेवायचा. समोर म्हणजे डावीकडं. ओटा तिकडं, कपाटं तिकडं, खाटही तिकडं. उजवीकडं दार, न्हाणीघर आणि मोकळी भिंत. हे तेव्हा कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

चकरेला ते सकाळी निघाले, पण मे महिन्यात दिल्लीकडं सकाळ अशी नसतेच. डांबर मऊ व्हायला लागलं होतं. बळवंत बैलगाडीसारखा चालला होता. मागून ट्रॅक्टरवाल्यानं ओव्हरटेक केलं तेव्हा उल्हास म्हणाला, एवढं हळू चालवलंस तर कुमुद म्हणेल मुद्दाम चालवलं. बळवंत म्हणाला, म्हणू दे.

मानेसरच्या ढाब्यावर थांबले. बळवंत डब्याभोवती फिरला आणि प्रत्येक टायरला हात लावला. उजवीकडचे दोन्ही कोमट. डावीकडचा पुढचा गरम. डावीकडच्या मागच्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

नवा टायर. हळू चालवलेली गाडी. आणि तरी हा असा.

एका बाजूनं तो सुटला होता. म्हातारपण नव्हे आणि वेगही नव्हे, उल्हास साक्षीला होता. पण मग काय? सध्या तरी त्यानं तेच केलं जे जयपूर रोडवरचा कुठलाही ट्रकवाला करतो आणि जे तो स्वतः इतकी वर्षं करत आला. काडी घेतली, व्हॉल्व्ह दाबला, आणि डावीकडच्या दोन्ही टायरांतली थोडी हवा सोडली. उन्हाळ्यात हवा तापते, फुगते, टायरला फाडते, म्हणून कमी ठेवायची. टायरवर कंपनीनं हवेचा आकडा उठवलेला असतो, तो त्यानं कधी मनावर घेतला नाही. वकिलातीच्या जुन्या टायरांवरही होता. साठाच्या वर. बळवंतानं तेव्हाच ठरवलं होतं, की हे बर्फाच्या मुलखातलं गणित आहे. निघताना त्यानं चाळिशीतच हवा ठेवली होती. या नव्यांतही तेवढीच भरून आणली होती.

पुढं धारूहेड्याला उतरले तर लांबूनच रबराचा वास आला. मागचा टायर मघापेक्षा जास्त तापला होता. बाजूनं बघितलं तर तो खाली चेपून बसला होता आणि पोट बाहेर आलं होतं.

बळवंत त्याच्यासमोर उकिडवा बसला. उल्हासनं चहा सांगितला. चहा आला, निवला, दुसरा सांगितला. बळवंत बसूनच.

त्याला जैसलमेर आठवलं. वाळूत गाडी रुतायला लागली की हवा सोडायची, टायर पसरतो, वाळूवर तरतो. हे त्याला सुभेदार गुलाबरावांनी शिकवलं, आणि ते खरंच होतं. पण वाळूतून बाहेर सडकेवर आल्यावर गुलाबराव काय करायचे? पहिलं काम, पंप काढायचे. सगळ्या गाड्या थांबवून, शिव्या घालत, परत हवा भरायला लावायचे. पोरं कंटाळायची. बळवंतही कंटाळायचा. त्यानं वाळूतलं तेवढं लक्षात ठेवलं आणि सडकेवरचं सोडून दिलं. रिकाम्या ४०७ला ते खपून गेलं. कपाटं आणि पलंग वाहून नेताना खपून गेलं, कारण शहरातल्या शहरात टायर तापायच्या आत घर येतं.

हवा कमी असली की टायर दर फेऱ्याला चेपतो आणि सुटतो, चेपतो आणि सुटतो. तार मोडायची असली की आपण ती इकडून तिकडं वाकवतो, आणि वाकते तिथं ती हाताला चटका देते. तेच. बाहेरच्या उन्हानं नाही, आतल्या आत मळून टायर तापला होता.

त्यानं उल्हासला काही सांगितलं नाही. टायर निवेपर्यंत थांबला, मग पेट्रोल पंपावर जाऊन चारी टायरांत टायरवर लिहिली होती तेवढी हवा भरली. पंपावरचा माणूस म्हणाला, "चाचा, गर्मी में इतनी? फटेगा." बळवंत म्हणाला, "भर दे यार." आणि परतीला निघाला. ऊन आता डोक्यावर होतं, सकाळपेक्षा वाईट.

मानेसरला पुन्हा हात लावला. मागच्या टायरवर हात ठेवता येत होता. गरम होता, पण ठेवता येत होता.

"सापडलं?" उल्हासनं विचारलं.

"अर्धं," बळवंत म्हणाला. कारण डावी बाजू उजवीपेक्षा अजून गरमच होती. हवा चारीत सारखी, मग हे का?

खडीचे ट्रक तोलायचा एक धरमकाटा रस्त्यालाच होता. बळवंतानं डबा आधी उजव्या चाकांनी काट्यावर घेतला, मग फिरवून डाव्या चाकांनी. काटेवाला खिडकीतून दोन वेळा आकडा ओरडला आणि मग स्वतः बाहेर येऊन डब्याकडं बघायला लागला. एक तरफ क्या भरा है, त्यानं विचारलं. लोहा?

दोघं आत गेले. तांदूळ, बरण्या, पुस्तकं, हे सगळं दिसत होतं आणि जड होतं. पण एवढं जड नव्हे. उल्हासनं खाटेची फळी उचलली. वर रजया. खालच्या रजईत काहीतरी गुंडाळलेलं होतं. त्यानं रजईचं टोक धरून ओढलं, ते हललं नाही.

आत संगमरवर होता. अख्खा देव्हारा, सुटा करून बांधलेला. खालचा चौथरा, दोन खांब, मागची भिंत आणि वरचा कळस. मेहरौली रोडला संगमरवराची दुकानं लागली होती तेव्हा ओळीनं, नव्या फ्लॅटवाल्यांसाठी. तिथला.

उल्हास खाटेच्या कडेवर बसला. त्यानं बायकोला बजावलं होतं, की आता एक पुडी पण नको. आणि तिनं दुपारी, तो झोपलेला असताना, दुकानाच्या माणसांकडून हे आत चढवून घेतलं होतं. अलकनंदाचा, म्हणजे तिच्या बहिणीचा, कोथरूडला नवा फ्लॅट झाला होता.

थोड्या वेळानं उल्हासला हसू फुटलं.

"सुटलास तू," तो म्हणाला. "काही बोलू नकोस. फक्त हे दाखवायचं आणि गप्प उभं राहायचं. मला इतक्या वर्षांत अशी संधी नाही मिळाली."

"हवेचं आहे ना पण," बळवंत म्हणाला, आणि मग सगळं सांगितलं.

उल्हासनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, हवेचं तिला कशाला सांगायचं? तिला देव्हारा पुरे आहे. हवेचं कळलं तर ती तुझ्या गाडीत बसेल असं वाटतं का तुला? देव्हाऱ्यावर ठेवून मोकळा हो. पुढच्या वेळी हवा बरोबर भर म्हणजे झालं. खोटं थोडंच बोलतोय आपण, अर्धंच बोलतोय.

गुडगाव येईपर्यंत बळवंत तेच मनात घोळवत गाडी चालवत राहिला. उल्हासचं चुकत नव्हतं. शेडगे ऐकल्यापासून त्याला हेच हवं होतं, की कुणीतरी म्हणावं, तुझा दोष नाही. आता ते हातात होतं, चांगलं रजईत गुंडाळलेलं. गाव होतं, चावडीसमोरचं वळण होतं. आणि बदल्यात एक लहानशी गोष्ट पोटात ठेवायची होती.

घरी विजयानं त्याचं तोंड बघून विचारलं, काय झालं. त्यानं तिलाही सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. मळता मळता म्हणाली, वहिनींच्या बाजूला मी पण बसले होते त्या बाकावर. एवढंच. बळवंत तसाच चप्पल घालून टिपणीसांकडं गेला.

वहिनी जेवणाच्या टेबलाशी भेंडी चिरत होत्या. उल्हास आधीच येऊन पेपर उघडून बसला होता, पण पेपर वाचत नव्हता. वहिनींनी बळवंताला बस म्हटलं नाही. तरी तो बसला.

"वहिनी, खाटेखाली देव्हारा सापडला," तो म्हणाला.

सुरी थांबली. वहिनींनी उल्हासकडं बघितलं, उल्हास पेपरामागं गेला.

"अलकाला तिकडं असला मिळत नाही," त्या म्हणाल्या. "मिळतो, पण पातळ असतो. मला वाटलं खाटेखाली एका कोपऱ्यात काय जड होणार आहे. एवढा मोठा ट्रक ओढतोय." मग आवाज खाली आला. "म्हणजे माझ्यामुळं फुटला."

उल्हासनं पेपराच्या कडेवरून बळवंताकडं बघितलं. आता गप्प बस, असं ते बघणं होतं.

"एकट्या दगडानं नाही फुटला," बळवंत म्हणाला. "हवा मी कमी ठेवली होती. खूप कमी. उन्हाळ्यात तसं करतात अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. हवा बरोबर असती तर टायर म्हातारा असूनही दगड घेऊन कदाचित गेला असता. हवा नव्हती, म्हणून तापला आणि सोलला."

 खाली भाजीवाला ओरडत गेला.

"आणि हे तुम्हाला कळलं कसं?" वहिनींनी विचारलं.

"हात लावून."

"म्हणजे हात लावला की कळतं?"

"थांबल्या थांबल्या लावायचा. एखादा बाकीच्यांपेक्षा तापला असला तर तिथं काहीतरी बिघडलंय. हवा तरी, वजन तरी."

वहिनी परत भेंडी चिरायला लागल्या. बराच वेळ चिरत होत्या. बळवंताला वाटलं, झालं, संपलं, रविवारी बिल्डरचा माणूस येईल. तो उठायला लागला.

"जोरात नव्हतात तुम्ही," त्या भेंडीकडं बघत म्हणाल्या. "मागून मला काटा दिसत होता. सगळा रस्ता मी काटाच बघत होते. दर खड्ड्याला माझा जीव त्या दगडात होता."

"मग तसं का म्हणालात?"

"कोणीतरी काहीतरी म्हणणारच होतं. मी आधी म्हणाले." त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "चहा घेणार का, भाऊजी?"

उल्हासनं पेपराचं पान उलटलं.

पुढचे दोन दिवस वहिनी फोनवर होत्या. लोकांचं सामान परत करणं हे डबा ओढण्यापेक्षा अवघड काम, आणि ते त्यांनी एकटीनं केलं. कुणाला सांगितलं गाडीला झेपत नाही, कुणाला सांगितलं डॉक्टरांनी वजन उचलायला मना केलंय, आणि मुनिरक्याच्या वृंदाला खरं सांगितलं, कारण ती पोरगी बसनं खोकं घेऊन आली होती. तिची पुस्तकं तेवढी ठेवली. तांदूळ, बरण्या आणि मुढे परत गेले. दोन घरांनी महिनाभर फोन केला नाही. देव्हारा ट्रान्सपोर्टनं जाईल, असं ठरलं. रविवारी बिल्डरचा माणूस मोजायची फीत घेऊन आला तेव्हा वहिनींनी त्याला जिन्यातच पाणी दिलं आणि म्हणाल्या, "गाडी नहीं बेचनी, भैया. हम जा रहे हैं."

उरलेलं सामान बळवंतानं स्वतःच्या हातानं लावलं. पुस्तकं उजवीकडं, पाण्याचे कॅन मधे, चाकांच्या वर. हवा थंड टायरात भरली, पहाटे, ऊन लागायच्या आत. उल्हास नकाशावाला माणूस, त्यानं डब्याचा कागदावर नकाशा काढून कुठं काय ते लिहून दिलं. बळवंतानं तो खिशात घातला आणि परत बघितला नाही.

मानेसर गेलं. खडीचे ढीग होते तिथंच होते. बळवंतानं तिकडं बघितलं नाही, मागच्या बाकावर विजयानं बघितलं. धारूहेड्याला ढाब्यासमोर गाडी लावली आणि त्यानं दार उघडलं, तर वहिनी त्याच्याआधी खाली उतरल्या होत्या. पदर खोचून त्या डब्याभोवती फिरल्या. प्रत्येक टायरवर हात ठेवला, तवा तापलाय का बघावं तसा, पटकन आणि मग परत एकदा. बळवंत लांब उभा राहिला.

त्या परत आल्या तेव्हा जरा गोंधळलेल्या दिसल्या.

"तीन सारखे आहेत," त्या म्हणाल्या. "डावीकडचा मागचा थोडासा, अगदी थोडासा जास्त आहे."

बळवंतानं जाऊन हात लावला. खरंच थोडासा. लक्षात येऊ नये इतका. त्याला त्यांच्या हाताचं कौतुक वाटलं. मग तो विचार करायला लागला. हवा त्यानं दोनदा बघितली होती. वजन त्यानं स्वतः लावलं होतं. पुस्तकं उजवीकडं होती.

वहिनी चहावाल्याकडं बघत उभ्या होत्या.

"वहिनी," बळवंत म्हणाला.

"कळस तेवढा ठेवलाय," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं ट्रान्सपोर्टला दिलंय, विचारा यांना. कळसाची त्यांची काय खात्री, तुटला तर? तेवढाच आहे, हलका आहे."

उल्हासनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

बळवंत डब्यात चढला, खाटेची फळी उचलली, रजईतून कळस काढला आणि दोन्ही हातांनी धरून उजवीकडं, पुस्तकांच्या खोक्याजवळ नीट टेकवून ठेवला. चादर कोंबून तो हलणार नाही असा केला. मग खाली उतरून म्हणाला, "चहा घेऊन टाका. अजून जयपूर यायचंय."